हलक्या उंदरासाठी खटका

आमचे साडू, म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान, पत्र्याचं काम करायचे. बादल्या, डबे, चाळण्या, धुराडी, पन्हळी, झाऱ्या. पत्रा वाकवून जे जे होतं ते सगळं. सगळे त्यांना खटकेबुवा म्हणत. डबा तयार झाला की ते डोळे मिटून तो कानाशी धरायचे आणि झाकण लावायचे. ‘खट’ असा नेटका आवाज आला तर डबा गिऱ्हाइकाचा, नाही तर पुन्हा ऐरणीवर. मी एकदा म्हटलं, “साडू, डबा साखरेला पाहिजे, गाण्याला नाही.” तर म्हणाले, “साडूभाऊ, साखरेला कान नसतात. मुंग्यांना असतात.”

त्यांच्या दुकानात शिरलं की आधी पत्रा जोडायचा डाख वितळल्याचा वास यायचा, मग ठोकठोक ऐकू यायची आणि मग ते दिसायचे. दिसायचे म्हणजे टक्कल दिसायचं, कारण मान कायम खाली. वर बघायचे ते एकच वाक्य बोलायला, “माझ्या दुकानातून गेलेलं काम परत येत नाही.” लोक ‘काय, बरं आहे ना’ म्हणतात, तसं ते हे म्हणायचे.

आणि ते खरं होतं. एकदा रोपवाटिकेतल्या बाई नवी झारी घेऊन आल्या. म्हणाल्या, गळते. साडूंनी झारी काठोकाठ भरली, खुंटीला टांगली, खाली कोरडं फडकं अंथरलं आणि समोर स्टूल टाकून बसले. तिथंच जेवले, तिथंच चहा प्याले, आलेल्या गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून वाटेला लावलं. संध्याकाळी फडकं होतं तसं कोरडं. झारी बाईंच्या हातात देत म्हणाले, “बाई, झारी गळत नाही. तुम्ही उचलताना सांडता.” बाई तोंड फुगवून निघून गेल्या. माझी मेहुणी आतून म्हणाली, “झारीचं खरं करायला दिवसभर वेळ आहे, आणि मी भाजी आणा म्हटलं की यांचे गुडघे दुखतात.”

झारीचं एवढं लांबण लावलं, कारण पुढं साडूंना जे करावं लागलं ते त्यांना किती जड गेलं असेल हे समजायला हवं. शिवाय या झारीचं पुढं काम आहे.

तर एके दिवशी दुकानात उंदीरवाल्या बाई आल्या. कॉलेजात शिकवायच्या, पण वर्षातले निम्मे दिवस डोंगरात असायच्या. बुटांना चिखल, केसात पानाचा तुकडा, आणि बोलणं मात्र असं स्वच्छ की माझ्यासारख्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्यालाही सगळं कळावं. त्यांना सापळे हवे होते, पण उंदीर मारायचे नव्हते. पकडायचे, बघायचे, मोजमाप घ्यायचं आणि जिथल्या तिथं सोडून द्यायचे.

“मग पकडायचे कशाला?” साडूंनी विचारलं.

“कुठं आहेत आणि कुठं नाहीत, ते नकाशावर लिहायला.”

साडूंना हे काही पटलं नाही. उंदीर कुठं नाहीत, हे आजवर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण बाईंचा उंदीर घरातला नव्हता. डोंगराच्या अगदी वर, जिथं धुकं मुक्कामाला असतं, तिथल्या जुन्या रानात राहणारा. पडून कुजलेल्या झाडांच्या खाली, शेवाळात, झऱ्याच्या कडेनं. शेपूट अंगापेक्षा लांब आणि शेपटीचं टोक पांढरं. कोरडी जमीन त्याला चालत नाही, उघडं गवत चालत नाही, ऊन तर बिलकूल चालत नाही. “फार नखरेल दिसतो,” मेहुणी म्हणाली. “आमच्याकडचे बरे, काहीही खातात.”

बाईंनी कचऱ्यातला पत्र्याचा एक तुकडा उचलला. दोन जागी दाबून दोन उंचवटे केले, मधे खळगा ठेवला आणि गरम पत्रा विझवायच्या पाण्याच्या टपात तो हळूहळू बुडवला. खळगा पाण्याखाली गेला, दोन टोकं वर राहिली.

“ही टोकं म्हणजे त्याचा मुलूख,” त्या म्हणाल्या. “पूर्वेचा डोंगर आणि पश्चिमेचा डोंगर. मधे गवताळ खिंड. फार जुन्या काळी हवा थंड होती, तेव्हा खिंडीतही रान होतं आणि उंदीर इकडून तिकडे जायचा. मग हवा तापत गेली, तसं थंड रान वर वर सरकलं. आता एकाच घरचे दोन भाऊ दोन टोकांना अडकलेत, मधली वाट बंद.”

साडू टपात बघतच राहिले. त्यांनी तो तुकडा नंतर फेकला नाही. खिडकीत ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्यात बुडवून दाखवायचे, आणि तेही बाईंच्याच शब्दात, जणू खिंडीतून ते स्वतः चालून आलेत.

सापळे केले. लांबट पेट्या. तोंडाशी झडप, आत जमिनीसारखी बसवलेली पट्टी. उंदीर आत शिरून पट्टीवर उभा राहिला की खटका सुटतो आणि मागं झडप बंद होते. पहिल्या खेपेच्या सापळ्यांना साडूंनी लाल ठिपका दिला. ते पूर्वेच्या डोंगरावर गेले आणि उंदीर भरपूर सापडले. बाईंची एकच तक्रार होती, “पानांवरून पाणी ठिबकलं तरी खटका सुटतो. सकाळी निम्मे सापळे बंद, आणि आत कुणीच नाही.”

तक्रार. खटकेबुवांच्या खटक्याबद्दल. साडूंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पश्चिमेच्या डोंगरासाठी दुसरी खेप करायची होती, त्यात त्यांनी स्प्रिंग घट्ट केली आणि खटक्याचा दात खोल कापला. मग प्रत्येक सापळा तपासायचा कसा? दाणेवाल्याच्या दुकानातून एक उंदीर आणला, त्याला प्रत्येक सापळ्यातून चालवलं, आणि प्रत्येक वेळी ‘खट’ ऐकूनच सापळ्याला निळा ठिपका दिला. मी तिथं होतो. तो उंदीर शेवटी शेवटी स्वतःहून आत जायला लागला होता.

निळे सापळे पश्चिमेला गेले. पाण्यानं एकही सुटला नाही. बाईंनी कौतुक केलं आणि साडू आठवडाभर शीळ घालत होते. मोठे रानउंदीर त्यात बक्कळ सापडत होते, म्हणजे सापळे ठणठणीत. फक्त पांढऱ्या शेपटीचा तो छोटा काही मिळेना. पूर्ण हंगाम गेला. खायला ठेवलेले शेंगदाणे आणि मध सकाळी गायब असायचे, पण मुंग्या आणि गोगलगायी काय कमी असतात रानात? बाईंनी मन घट्ट केलं. पश्चिमेचं रान लहान आहे, तिथला भाऊ केव्हाच संपला असेल, असं त्यांनी नकाशावर लिहायचं ठरवलं.

आता नकाशावर उंदीर नसला तर कुणाचं काय बिघडतं? बिघडत होतं. पश्चिमेच्या उतारावरून लाकडाच्या गाड्यांना रस्ता न्यायचा होता. त्यासाठी जुनी झाडं जाणार, पडलेली खोडं उचलली जाणार. हा उंदीर जिथं असेल तिथलं रान तोडायचं नाही असा वनखात्याचा नियम. नसेल तर मग अडायचं कारण नाही. वनखात्याच्या कचेरीत सभा ठरली होती, आणि बाई नकाशा तिथंच देणार होत्या.

सभेच्या आधी सापळे साफसफाईला दुकानात आले. ते नुसतं तेल देऊनही भागलं असतं. पण साडूंचा हात तसा नव्हता. ते बिजागरी काढून, पट्टी सोडवून, आतलं सगळं पुसायचे. मी शेजारी बसून चहा पीत होतो. निळ्या ठिपक्याच्या पहिल्याच सापळ्याची पट्टी निघाली आणि साडू थांबले.

पट्टीखालच्या फटीत हिरवं शेवाळ कोंबलेलं होतं. वाऱ्यानं आलेलं नाही, दातांनी तोडून, नीट गोल करून बसवलेलं. त्यात बियांची टरफलं आणि तिळाएवढ्या लेंड्या. दुसरा सापळा उघडला, तिथंही लेंड्या. तिसऱ्यात डाखावर दात घासल्याच्या बारीक रेघा.

“कुणीतरी इथं बिऱ्हाड केलंय,” मी म्हटलं.

बाईंनी एकदा सांगितलं होतं, तो उंदीर म्हणजे दोन चमचे साखर, तेवढाच भरतो. साडूंनी तेवढी वाळू तराजूत तोलून कापडाच्या चिंधीत बांधली आणि पुरचुंडी पट्टीवर ठेवली. काही नाही. दुसऱ्या निळ्या सापळ्यात ठेवली. काही नाही. सगळे निळे झाले. मग लाल ठिपक्याचा एक उचलला, पुरचुंडी ठेवली, आणि खट.

ज्या आवाजावर आयुष्य काढलं, तो आवाज त्या दिवशी त्यांना कानफटात बसल्यासारखा झाला. दाणेवाल्याकडचा उंदीर म्हणजे धान्यावर पोसलेला पहिलवान. त्याच्या वजनावर रानातल्या चिमुरड्याचा खटका बेतला होता. तो बिचारा पश्चिमेच्या डोंगरावर रोज आत येत असेल, शेंगदाणे खात असेल, मध चाटत असेल आणि तोंड पुसून घरी जात असेल.

मेहुणी कप न्यायला आली. यजमानांचं तोंड बघून म्हणाली, “काय झालं हो?”

“काम परत आलंय.”

“अगंबाई. कोण घेऊन आलं?”

“कुणी नाही. मीच.”

ती कप तिथंच ठेवून त्यांच्या शेजारी बसली. या बाईला मी तीस वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी ती टोमणा मारायचा विसरली.

बाईंची खोली कॉलेजच्या मागं होती. काड्यापेटीत कापसावर ठेवलेल्या इवल्याशा कवट्या, दोरीवर वाळत घातलेले मोजे, भिंतीला नकाशा. नकाशावर पूर्वेचा डोंगर हिरवा रंगवलेला आणि पश्चिमेचा कोरा. साडूंनी सापळा टेबलावर ठेवला, पट्टी उचलून दाखवली आणि चूक कशी झाली ते सांगितलं. बाईंनी चिमट्यानं शेवाळ उलटंपालटं करून बघितलं. मग खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, “मोठे सापडत होते म्हणून मी निर्धास्त राहिले. एकदा वजन ठेवून बघायला मला काय झालं होतं? निम्मी चूक माझी आहे.”

“तुमची तुम्ही बघा,” साडू म्हणाले. “माझी मी पुरी घेणार, त्यात वाटणी नको.”

“पण हे शेवाळ कुणी कोंबलं ते यावरून सांगता येणार नाही. तिथं दुसराही एखादा छोटा उंदीर असू शकतो. पकडायलाच हवा, आणि सभा परवा आहे. मी मुदत मागते. सापळ्यात दोष निघाला एवढंच सांगते, तुमचं नाव घेत नाही.”

“सापळ्यात दोष म्हणजे काय, सापळ्याला वाटलं म्हणून झाला? सापळ्याला बाप असतो बाई.”

सभेला मी होतो. कचेरीतला लांब हॉल, वर पंखा, टेबलावर पाण्याचा जग, आणि तो जगही साडूंनीच केलेला. निम्म्या खुर्च्यांत त्यांची गिऱ्हाइकं. बाईंनी मुदत मागितली, तर रस्त्याचं काम घेतलेले ठेकेदार हसून म्हणाले, “बाई, पूर्ण हंगाम तुम्ही सांगत होता, सापळे उत्तम आहेत. आता नकाशा द्यायच्या दिवशी बिघडले होय? सापळे कुणी केले हे आम्हाला माहीत नाही का? त्या माणसाचं काम परत येत नसतं.”

सगळे साडूंकडे वळले. खरं तर यापेक्षा मोठी शाबासकी त्यांना जन्मात मिळाली नसेल. ते उठले. पिशवीतून सापळा काढला आणि वाळूची पुरचुंडी काढली.

“परत आलंय,” ते म्हणाले. “हे बघा. एवढा तो उंदीर.” पुरचुंडी पट्टीवर ठेवली. हॉलमधे ‘खट’ काही ऐकू आलं नाही. “आता यात त्यानं काय करायचं? उड्या मारायच्या? खटका मी केला, दाणेवाल्याच्या उंदरावर तपासला. माझी अक्कल तेवढीच चालली. पश्चिमेला उंदीर आहे की नाही मला ठाऊक नाही. पण नाही असं माझ्या सापळ्यानं सांगितलं असेल, तर ते खोटं आहे.”

मागून दाणेवाले म्हणाले, “आमच्या उंदराला यात कशाला ओढता,” आणि हॉल हसला. वनखात्याच्या साहेबांनी हिवाळा लागेपर्यंत मुदत दिली. बाहेर पडताना ठेकेदार साडूंना म्हणाले, “बुवा, नाव घालवलंत हो.” साडू म्हणाले, “हो, गेलं खरं.” आणि मग मला, “साडूभाऊ, डोंगरावर येता का? सामान उचलायला कुणीतरी पाहिजे.”

घरी मेहुणी म्हणाली, “लग्न झाल्यापासून एकदाही ‘माझं चुकलं’ म्हणाला नाहीत. म्हणालात ते उंदरासाठी.” पण त्यांचे लोकरीचे मोजे तिनं आधीच काढून ठेवले होते, गुडघ्याला लावायच्या तेलाच्या बाटलीसकट.

ती चढण मी कशी चढलो ते माझं मला माहीत. साडू दर वळणावर बसायचे, गुडघा चोळायचे आणि उठायचे. गवताळ खिंड लागली तेव्हा ते मधोमध उभे राहिले. ऊन, वारा, पिवळं गवत, आडोसा कुठं नाही. दोन्हीकडे वर काळपट रान. “टपातलं पाणी ते हेच,” म्हणाले. मग पश्चिमेच्या रानात शिरलो आणि उजेडच बदलला. खोडं शेवाळानं गुबगुबीत, पायाखाली ओला स्पंज, पडलेल्या झाडांखालून पाणी वाहतंय आणि ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. सगळं आयुष्य पाण्यापासून पत्रा वाचवण्यात घालवलेला तो माणूस. आजूबाजूला बघून म्हणाला, “इथं माझी एकही बादली दोन पावसाळे काढायची नाही.” पण आवाजात तक्रार नव्हती. देवळात बोलावं तसा हळू बोलत होता.

वनरक्षकाच्या खोपटात त्यांनी दुकान मांडलं. प्रत्येक सापळ्याचा दात कानशीनं घासून उथळ केला, स्प्रिंग सैल केली, पुरचुंडी ठेवून ‘खट’ ऐकलं. आता पाण्याचं काय? तर पत्र्याच्या पट्ट्या वाकवून प्रत्येक सापळ्याच्या तोंडावर छोटी वळचण बसवली. काम करता करता स्वतःवरच चरफडत होते, “वरून पाणी पडतं तर माणूस छप्पर घालतो. मी दार घट्ट केलं. काय डोकं म्हणायचं.”

पहिल्या सकाळी काही नाही. दुसऱ्या सकाळी एक मोठा उंदीर, तो साडूंच्या बोटाला चावला. मग नुसत्या बंद झडपा, मग नुसता पाऊस. बाई रोज खोडांखाली वाकून सापळ्यांच्या जागा बदलायच्या, झऱ्याच्या आणखी जवळ, आणखी ओल्यात. हिवाळा तोंडावर आला होता आणि खोपटातल्या बोलण्यातून उंदीर हा विषय आपोआप निघून गेला होता. मी तर सामानही आवरायला घेतलं.

त्या सकाळी साडूंनी झऱ्यावर आडव्या पडलेल्या खोडाखालून सापळा ओढला. झडप बंद. उचलला तर रिकाम्याइतका हलका. बाई म्हणाल्या, “पाण्यानंच सुटला असेल.” साडूंनी डोळे मिटले आणि डबा धरायचे तसा सापळा कानाशी धरला.

मी त्यांचा चेहरा बघत होतो. सावकाश, एकेक सुरकुती सुटत गेली.

“आत कुणीतरी आहे,” ते कुजबुजले. “दाणे खातंय.”

बाईंनी कापडी पिशवीचं तोंड लावलं, झडप उघडली. पिशवीत काही तरी उतरलं, आणि तराजूला अडकवल्यावर काटा कसाबसा हलला. मग बाईंनी दोन बोटांनी कापड बाजूला केलं. मोठे कान, काळ्या मण्यांसारखे डोळे, आणि लांबलचक शेपटीचं टोक पांढरं. बाईंच्या डोळ्यात पाणी आलं. ते लपवायला त्या मोजमाप घेत राहिल्या. साडूंनी पुरचुंडी एका तळहातावर घेतली होती आणि बाईंना विचारून दुसऱ्या तळहातावर तो उंदीर घेतला.

“बरोबर आहे वजन,” म्हणाले.

त्यांनीच त्याला खोडापाशी सोडला. तो शेवाळावर बसला, दोन्ही हातांनी तोंड धुतलं, आम्हा तिघांकडे घरमालकानं भाडेकरूंकडे बघावं तसं बघितलं आणि खोडाखाली शिरला. नंतर आणखीही सापडले. नकाशावर पश्चिमेचं टोक हिरवं झालं, रस्ता खिंडीतून वळला. तो उतार अजून तसाच आहे, धुक्यासकट.

गावात परतल्यावर खटकेबुवांचं ते वाक्य बंद झालं. त्याच्या जागी दुसरंच सुरू झालं. दुकानात कुणी आलं की विचारायचे, “यात काय जाणार? किती भरणार? कोण उचलणार?” साधा पिठाचा डबा मागणाऱ्यालाही हे सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. लोक वैतागायचे. पुरचुंडी ऐरणीशेजारी खिळ्याला टांगलेली असायची.

आणि एका दुपारी त्यांनी मला सायकलवर मागं बसवलं आणि रोपवाटिकेत नेलं. झारीवाल्या बाई वाफ्यापाशी होत्या. हातात तीच झारी, अर्धीच भरलेली.

“अर्धीच का भरता?” साडूंनी विचारलं.

“पूर्ण भरली की पुढं कलते. मनगट दुखतं आणि पाणी सांडतं. तुम्हीच तर म्हणालात, सांडता म्हणून.”

साडूंनी झारी भरून स्वतः उचलली. मग बाईंच्या मनगटाकडे बघितलं, ते त्यांच्या मनगटाच्या निम्मं होतं. कडी मागं बसवायला हवी होती. माणूस झारी खुंटीला टांगून बघतो, तेव्हा हे कसं कळणार.

“बाई, झारी द्या,” ते म्हणाले. “उद्या आणून देतो. काम माझंच आहे, परत घेऊन चाललोय.”

सायकलच्या दांडीला झारी अडकवून आम्ही निघालो. उतारावर ती खडखड वाजत होती आणि साडू शीळ घालत होते.